जगदेवीचं 'बर्री'

जुळे सोलापूर,
मंगळवार, भर दुपार

श्री. शिवपुत्रअण्णा यांस गुरुशांतचा मनापासून शरणार्थ.

तुमचा डावा गुडघा आणि दोन्ही कान कसे आहेत? दानम्माअक्कांचं बीपी ताब्यात आहे ना? बागेत डाळिंबांवर तेल्या रोग पडला नाही ना? (प्रश्न मी माझ्या काळजीच्या क्रमाने विचारलेत. तुम्ही बाग आधी घेतली असती, हे मला माहीत आहे.) आम्ही दोघं इकडे ठीक आहोत. 'ठीक' म्हणजे नेमकं काय, ते सविस्तर सांगायलाच बसलो आहे, तेव्हा चष्मा शोधून ठेवा आणि अक्कांना चहा टाकायला सांगा.

पाकीट बघून दचकला असाल. हल्ली पोस्टमन दारात उभा राहिला की कुणाची तरी नोटीस आली असंच वाटतं. पण खिशात मोबाइल असताना मी पत्र लिहितोय त्याला कारण आहे. गेल्या आठवड्यात आपण फोनवर बोललो ते आठवा. जगदेवी बोलते का, असं तुम्ही विचारलंत. मी म्हणालो, थोडं थोडं बोलते. तुम्ही म्हणालात, अरे वा, कधी निघताय? मी ओरडून पुन्हा सांगितलं. तुम्ही म्हणालात, स्टँडवर माणूस पाठवतो. तिसऱ्यांदा ओरडलो तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन सगळं बरं आहे ना, विचारून गेल्या. शिवाय जगदेवीला बोलता येत नसलं तरी ऐकू सगळं येतं आणि कळतं तर आजाराआधीपेक्षा जास्त. आमच्या एवढ्याशा घरात तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे तिच्या उशाशी उभं राहून बोलण्यासारखंच आहे. म्हणून गॅलरीत, वाळत घातलेल्या चादरीच्या आड स्टूल टाकून हे लिहितो आहे. ती आत झोपली आहे, निदान डोळे तरी मिटलेत. या पत्रात तुमच्याकडे कसलंही मागणं नाही, हे आधीच सांगून टाकतो. निव्वळ खुशालीचं पत्र आहे.

पहिल्यांदा डाळिंबांबद्दल आभार. तुमच्या क्रेटने या घराची अब्रू राखली. त्याचं असं झालं, की जगदेवीला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी मऊ खायला द्या म्हणून सांगितलं, आणि ते आमच्या अख्ख्या सोसायटीने ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून घराघरांतून मुगाची खिचडी यायला लागली. सकाळी खिचडी, दुपारी खिचडी, संध्याकाळी कुणीतरी वेगळं म्हणून मऊ भात-वरण आणलं तर तेही एकत्र कालवून आणलेलं. ती बिचारी घासभर खाई, उरलेलं मी संपवी. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी यांवर पोसलेला माणूस मी, मला दातांचा उपयोग काय हेच कळेना. आणि आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे, शेजारचा डबा रिकामा परत द्यायचा नाही. जगदेवी हिंडती-फिरती असती तर तिने कशात काय घालायचं ते बरोबर केलं असतं. मी काय घालणार? मी प्रत्येक डब्यात तुमची दोन-दोन डाळिंबं घालून डबे परत केले. डाळिंबं बघून त्या माउल्यांना इतकं भरून आलं की त्यांनी तेच डबे परत खिचडी भरून पाठवले. क्रेट संपेपर्यंत हे चक्र थांबलं नाही. तरी सांगतो अण्णा, ती खिचडी नसती तर मी पहिल्या आठवड्यातच आडवा झालो असतो. तेव्हा कुणालाही नावं ठेवायला माझी जीभ उचलत नाही.

आजाराचा पहिला दिवस तुम्हाला तुकड्या-तुकड्यांत कळला आहे, तो नीट सांगतो. दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला लागले होते, तेव्हाची गोष्ट. सकाळी चहा गाळताना तिच्या उजव्या हातातून गाळणी पडली. ती उचलायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. मी हाक मारली, तर तिने माझ्याकडे बघितलं, तोंड हलवलं आणि आवाजच आला नाही. मी काय केलं म्हणाल, तर गाळणी उचलली. (माणूस घाबरला की काय करतो, याला काही धरबंद नसतो.) समोरच्या फ्लॅटमधले उदयसिंहराव माझा आवाज ऐकून बनियनवर धावत आले. एसटी डेपोत जन्मभर वाहतूक नियंत्रक होते, तुम्ही त्यांना वास्तुशांतीला भेटला आहात, मोठ्या मिशांचे ते. त्यांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, खुर्चीसकट उचललं, जिने उतरवले, आपल्या जुन्या जीपमध्ये घातलं, आणि निवृत्त होताना जपून ठेवलेली डेपोची शिट्टी तोंडात धरून प्रत्येक चौकात फुंकत आम्हाला दवाखान्यात नेऊन सोडलं. लोक बाजूला झाले ते जीप बघून की बनियन बघून, मला सांगता येणार नाही. वेळेवर पोचलात, असं डॉक्टर म्हणाले. वेळेवर पोचलात, या दोन शब्दांची किंमत मला त्या दिवशी कळली.

त्यानंतर तुम्ही आणि दानम्माअक्का आलात. अक्का धाकट्या बहिणीला बघून अशा रडल्या, की नर्सने धावत येऊन पट्टा अक्कांच्याच दंडाला बांधला. त्यांचं बीपी जगदेवीपेक्षा जास्त निघालं आणि दवाखान्याने दुसरी खाट टाकायची तयारी केली. तेव्हाच मी तुम्हाला बाजूला घेऊन म्हणालो होतो, की अक्कांना एवढ्यात परत आणू नका, जगदेवी घाबरते. तुम्ही ते शहाणपणाने मानलंत. त्याबद्दलही आभार.

आता खरी हकीकत. घरी आल्यावर तिचा उजवा हात हळूहळू हलायला लागला, काठी धरून चार पावलं टाकायला लागली, पण बोलणं गेलं ते गेलंच. फक्त एक शब्द उरला: 'बर्री'. सकाळी दूधवाल्याला बर्री, औषध आणणाऱ्या पोराला बर्री, डबा आणणारीला बर्री. आपल्या सासरच्या कन्नडमध्ये 'बर्री' म्हणजे 'या', एवढं तुम्हा-आम्हा दोघांनाही येतं. (मला सासरचे दोनच शब्द पक्के येतात. एक बर्री, आणि दुसरा साकु, म्हणजे पुरे. सासूबाई पानावर तिसरी पोळी टाकायला आल्या की आपण दोघं ताटावर हात आडवे धरून साकु, साकु म्हणायचो आणि तरी त्या वाढायच्याच.) जन्मभर मराठीत संसार केला, मराठीत बालवाडी चालवली, पण परत आलं ते आईकडचं बोलणं. तिचं बोलणं सुधारायला ज्या आरोही मॅडम येतात, त्या म्हणतात असं होतं कधी कधी.

आता तुम्हीच विचार करा, तब्येतीला बघायला माणूस आला, दारात उभा राहिला, आणि जी बाई कुणाशी बोलत नाही ती खाटेवरून डावा हात हलवून 'बर्री' म्हणाली, तर त्याला काय वाटेल? वैनींनी मला ओळखलं! वैनींनी मला 'या' म्हटलं! जो येई तो डोळे पुसत जाई आणि खाली जाऊन चौघांना सांगे. मग ते चौघं येत. भिशीच्या बायका आल्या, बालवाडीतली जुनी मुलं आपापली मुलं घेऊन आली, माझ्या ऑफिसातले आले, ज्यांना ती ओळखत नव्हती तेही आले आणि त्यांनाही ओळखल्याचा मान मिळाला. मी पाटबंधारे खात्यात जन्मभर आवक-जावकच्या टेबलावर बसलो, पण असली आवक मी धरण भरल्यावरसुद्धा बघितली नाही. आणि जावक म्हणाल तर शून्य. कारण माणूस उठायला लागला की ती पुन्हा जोरात 'बर्री' म्हणे, आणि उठलेला माणूस गहिवरून परत बसे.

बसून लोक काय बोलतात, हेही तुम्हाला सांगायला हवं. प्रत्येकाच्या नात्यात कुणाला तरी अगदी हेच झालेलं असतं. आमच्या मामांना अगदी असंच झालं होतं हो, इथून सुरुवात होते, मामांचा हात, मामांचा पाय, मामांचं खाणं असं सगळं होतं, आणि शेवटी मामा जातात. जगदेवी बिचारी शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकते. पुढे पुढे मी दारातच विचारायला लागलो, की मामा हयात आहेत का, नसतील तर कृपा करून विषय काढू नका. एका गृहस्थांनी तर बसवेश्वरांच्या तसबिरीखाली बसून आम्हाला कबुतराचा रस्सा सुचवला. त्या वेळी तिने जे 'बर्री' म्हटलं ते तुम्ही ऐकायला हवं होतं. (गृहस्थ त्याने खूश झाले आणि पुढच्या खेपेला पत्ता लिहून आणतो म्हणाले.)

आणि उदयसिंहराव. ते रोज चारला येतात. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर सोडल्या, पण स्वतः एकदा वेताच्या खुर्चीत बसले की सुटायचं नाव नाही. वळसंग फाट्यावर कुठल्या साली कुठली गाडी बंद पडली, तिला ढकलायला कोण कोण होतं, हे सगळं क्रमवार सांगतात. त्यांना उठा कसं म्हणायचं? ज्या माणसाने माझ्या बायकोला खुर्चीसकट उचलून नेलं, त्याला माझ्या खुर्चीतून उठवायचा मला अधिकार नाही, असं मी स्वतःला सांगत होतो आणि त्यांच्यापुढे कप ठेवत होतो. (चहा मला आता बरा जमतो. साखर मागून दिली की लोक तक्रार करत नाहीत.)

अण्णा, या सगळ्यात माझं एक दुखणं होतं, ते तुमच्याशिवाय कुणाला कळणार नाही. आपल्या सासरच्या बायका नवऱ्याला 'अहो' म्हणत नाहीत, 'री' म्हणतात. अक्का तुम्हाला 'री' म्हणतात आणि तुम्हाला ऐकू येत नाही, तो भाग वेगळा. लग्न झाल्यापासून या घरात दिवस सुरू झाला तो 'री, दूध तापलंय' म्हणून आणि संपला तो 'री, कडी लावली का' म्हणून. मी कित्येकदा वैतागलोही असेन. आता त्या एका अक्षरासाठी कान टवकारून बसतो. आल्या-गेल्याला सगळ्यांना बर्री मिळत होतं, मला काहीच मिळत नव्हतं. जो माणूस घरातून जातच नाही त्याला 'या' कोण म्हणणार? म्हणून एक दिवस मी एक वेडेपणा केला. हसणार असाल तर अक्कांना वाचून दाखवू नका. खाली जाऊन डझनभर केळी घेतली, वर आलो, चपला काढल्या आणि स्वतःच्या घराची बेल वाजवून पाहुण्यासारखा उभा राहिलो. दार उघडंच होतं. खाटेवरून तिने मला बघितलं, केळ्यांकडे बघितलं आणि बोट केलं. केळी काळी पडलेली होती. एवढंच. शब्द नाही. तेवढ्यात उदयसिंहराव समोरच्या दारातून बाहेर आले आणि मला तसं उभं बघून काळजीने म्हणाले, "काय भाऊ, घरात घेत न्हाईत व्हय?"

आरोही मॅडम आठवड्यातून दोनदा येतात. मुलगी हुशार आणि गोड आहे. रंगीत चित्रांची कार्डं आणते आणि एकेक पुढे धरते. गाय, कप, चप्पल. जगदेवीने उभं आयुष्य बालवाडीत हीच चित्रं पोरांपुढे धरली, त्यामुळे गाय समोर आली की ती मॅडमकडे अशी बघते, की चित्र उलटं धरलं आहे का, असं मॅडमना वाटायला लागतं. मॅडम म्हणाल्या, घाई करू नका, जो शब्द येतोय त्याला धरूनच पुढचा येईल. मी मनात म्हटलं, बर्रीला धरून काय येणार, माणसंच येणार.

तर गड्ड्याची यात्रा संपली त्या आठवड्यात, ज्या दिवशी आमच्या भागात पाणी येतं त्या दिवशी, हा प्रकार घडला. पाण्याचा दिवस म्हणजे आमच्याकडे काय असतं हे सांगोल्याच्या माणसाला सांगायला नको. मी आत पाइप धरून पिंप भरत होतो. बाहेर उदयसिंहराव बसून वळसंग फाट्यावर पोचले होते. जगदेवीला बराच वेळ टेकवून बसवलेलं होतं आणि तिला (आता तुमच्यापासून काय लपवायचं) न्हाणीत जायचं होतं. परक्या पुरुषासमोर खूण करायची कशी? ती 'बर्री' म्हणाली. उदयसिंहराव म्हणाले, "बसतो की वैनी, गडबड न्हाय." ती आणखी जोरात म्हणाली. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. पाइपच्या आवाजात मला हे सगळं अर्धवट ऐकू येत होतं. आणि मग पोटातून ओढून काढल्यासारखा तिचा आवाज आला: "हो... होगि... होगि बर्री!"

अण्णा, तुम्हाला आठवतं? सासरहून निघताना आपण पायांत चपला घालायचो आणि अख्खं घर, म्हातारी-कोतारी, शेजारीपाजारी, वाटेपर्यंत येऊन एका सुरात काय म्हणायचे? होगि बर्री. जाऊन या. तिकडे कुणालाही नुसतं 'जा' म्हणत नाहीत. ही बाई इतके दिवस लोकांना 'या, या' म्हणत नव्हतीच! ती बापडी रीतीने, मानाने सगळ्यांना निरोप देत होती, आधीचा अर्धा शब्द तेवढा आजाराने खाल्ला होता. म्हणून लोक उठले की तिचा आवाज चढे. जन्मभर आवक-जावक सांभाळलेल्या माणसाला घरातली जावक कळली नाही, याला काय म्हणावं!

माझ्या हातातून पाइप सुटला. पाणी बाहेरच्या खोलीपर्यंत आलं, पाण्याच्या दिवशी, आणि कुणी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. उदयसिंहराव उभे राहिले, मिशा थरथरायला लागल्या. "बोलल्या! वैनी बोलल्या!" असं ओरडत ते जिना उतरले आणि खाली जाऊन शिट्टी फुंकली. पाच मिनिटांत सोसायटी वर. बायका पाण्यातून पाय उचलत पुढे आल्या, एकेक जण खाटेशी वाकला, तिने प्रत्येकाला तळमळून 'होगि बर्री' म्हटलं आणि प्रत्येक जण प्रसाद घेतल्यासारखं ते घेऊन मागे जाऊन बसला. शेवटी मीच हात जोडून सगळ्यांना दाराबाहेर काढलं आणि तिला धरून न्हाणीकडे नेलं. चालताना तिचं अंग हलत होतं. मला वाटलं रडते आहे. बघितलं तर हसत होती. मग मीही हसलो आणि मग आम्ही दोघंही रडलो, पाण्यात उभं राहून.

उदयसिंहराव संध्याकाळी पेढे घेऊन आले, वैनींचा पहिला नवा शब्द आपल्यासाठी निघाला म्हणून. आता त्यांना खरं सांगणं भाग होतं. मी घसा साफ करून अर्थ सांगितला. ते पेढ्याचा खोका धरून तसेच उभे राहिले. "म्हंजे मला घालवत हुत्या व्हय?" म्हणाले. मी मान खाली घातली. मग ते एवढ्या मोठ्याने हसले की जगदेवी दचकली. "सोडायची बेल दिल्यावर गाडी थांबवायची न्हाय भाऊ, नियमच हाय. वैनी कवाच्या बेल देत हुत्या, मलाच ऐकू आली न्हाय." आता ते रोज चारला येतात, बसतात, वळसंग फाटा सुरू करतात, आणि ती 'होगि बर्री' म्हणाली की वाक्य अर्धं टाकून ताडकन उठतात आणि नमस्कार करून जातात. मॅडम म्हणतात की याच्यापेक्षा चांगला सराव नाही. रोज शब्द थोडा स्वच्छ निघतो. परवा तर त्यांना दारातच निरोप मिळाला, त्यांनी चपलाही काढल्या नव्हत्या. तरी खूश होऊन गेले.

मी तेव्हापासून एका गोष्टीचा विचार करतो आहे. आजाराने तिच्या तोंडातून सगळे शब्द नेले. या एका बोलण्याचे दोन तुकडे केले आणि त्यातला 'जाऊन' नेला, 'या' तेवढं ठेवलं. उलट झालं असतं तर? दारात आलेल्या प्रत्येकाला तिने नुसतं 'जा' म्हटलं असतं तर आज आमच्याकडे कोण आलं असतं? ती सगळी माणसं, मामांसकट आणि कबुतरासकट, त्या एका 'या'वर आली. त्यांनी घर भरून ठेवलं म्हणून ती गप्प घरात पडून राहिली नाही आणि मीही राहिलो नाही. मी या सगळ्यांचा ऋणी आहे. खिचडीचा तर जन्मभर.

मला मात्र ती अजून काही म्हणत नाही. 'होगि बर्री'सुद्धा नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही, मला जायचंच नाहीये. 'री'ची वाट बघतो आहे, ती बघत राहीन. कधीतरी माझाही नंबर लागेल.

तुम्ही दोघांनी आमची काळजी करू नये. येण्याची तसदी तर मुळीच घेऊ नये. गुडघा सांभाळा. विशेषतः अक्कांना प्रवासाची दगदग नको, त्यांना माझा शरणार्थ सांगा आणि जगदेवी बरी आहे एवढंच सांगा.

तुमचा साडू,
गुरुशांत

ता. क. – मागणं नाही म्हणालो होतो, ते तसंच आहे. तरी बाजारात भाव पडलेला असेल तर डाळिंबांचा एक क्रेट पाठवायला हरकत नाही. डबे पुन्हा साठले आहेत.

ता. क. दुसरा – डाळिंबं नाही पाठवलीत तरी चालेल. पत्र ज्यासाठी लिहिलं ते वर लिहायचं धाडस झालं नाही, ते आता लिहितो. परवा आरोही मॅडमनी एक कार्ड दाखवलं. एक मोठी मुलगी धाकटीची वेणी घालते आहे, हातात फणी. मॅडमना 'फणी' हवं होतं. जगदेवी कार्डाकडे खूप वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अक्का." मॅडम हसून म्हणाल्या, चुकलं. मी म्हटलं, मॅडम, बरोबर लिहा, ते चुकलेलं नाही. त्या दिवसापासून बेल वाजली की ती दाराकडे बघते आणि 'अक्का' म्हणते, आणि दुसरंच कुणी असेल तर त्याला लगेच 'होगि बर्री'. एवढ्या माणसांत तिला जी हवी ती मीच अडवून ठेवली आहे. तेव्हा अण्णा, फोन नको, उत्तर नको, दानम्माअक्कांना घेऊन सरळ गाडीत बसा. महिनाभर तरी राहा. त्यांना सांगा, रडायचं असेल तर पोटभर रडा, बीपीचं मशीन मी आणून ठेवलं आहे. फक्त कन्नडमध्ये रडा. मॅडम म्हणतात, आईकडचं बोलणं कानावर पडलं पाहिजे. आणि तुम्हाला उदयसिंहरावांच्या शेजारची खुर्ची राखून ठेवतो. त्यांना ऐकणारा हवा आहे, तुम्हाला ऐकू येत नाही, तुमचं दोघांचं छान जमेल.

ता. क. तिसरा – पाकिटाला डिंक लावत होतो. आतून हाक आली. बारीक होती, म्हणून भास झाला असं समजून तसाच बसलो. मग पुन्हा आली, अगदी पूर्वीसारखी, रागावलेली: "रीऽ!" अण्णा, स्टूल पडलं, चादर डोक्यावरून सरकवत आत गेलो. ती उशीला टेकून बसली होती. चादरीच्या कडेने गॅलरीतलं सगळं तिला तिथून दिसतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, हातातल्या पेनाकडे बघितलं, या एवढ्या कागदांकडे बघितलं आणि म्हणाली, "री... साकु."

तेव्हा आता पुरे करतो. बर्री.